शून्यावर लावलेला आवाज

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी मी जालन्यात मराठीचा प्राध्यापक म्हणून आलो. दोन्ही घटनांनी गावाला फारसा फरक पडला नाही. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्याने रंगवल्या गेल्या आणि आमच्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर एक ओळ वाढली. पुढे वीसेक वर्षं मी मुलांना कविता शिकवल्या आणि मुलांनी त्या गाइडातून पाठ केल्या. यंत्राशी माझा संबंध सायकलपुरता होता. मग नवं शतक लागलं, गावाबाहेरच्या माळावर इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं आणि तिथले इलेक्ट्रॉनिक्सचे एक तरुण सर एका संध्याकाळी माझ्या मस्तगडातल्या खोलीचा जिना चढून आले.

त्यांना पीएच.डी. करायची होती. माणसाचं बोलणं ऐकून त्याच्या मनात राग आहे, दुःख आहे की भीती आहे हे कॉम्प्युटरने ओळखायचं, असा विषय होता. कॉम्प्युटरला ते आधी शिकवावं लागतं, असं ते म्हणाले. शेकडो आवाज ऐकवायचे आणि प्रत्येक वेळी सांगायचं, हा राग, हे दुःख, ही भीती आणि हे यांपैकी काहीच नाही. ऐकून ऐकून त्याला आपोआप कळायला लागतं.

"आणि आनंद?" मी विचारलं.

"त्याला मार्केट नाही, सर. टेलिफोन कंपनीला गिऱ्हाईक चिडलंय का एवढंच पाहिजे असतं. खूश असलेलं गिऱ्हाईक फोन कशाला करेल?"

एवढी सरळ गोष्ट इतक्या सरळपणे सांगणारा संशोधक मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून मी काम घेतलं. काम दोन प्रकारचं होतं. एक म्हणजे प्रबंधाच्या नावाचं मराठी करून द्यायचं. मी 'आवाजावरून मनातलं ओळखणं' असं सुचवलं. ते त्यांच्या संस्थेत नापास झालं, कारण ते कोणालाही कळत होतं. मग 'वाणीतील नकारात्मक भावनांचे यांत्रिक अभिज्ञान' असं केलं आणि ते एकमताने मंजूर झालं. दुसरं काम ऐकण्याचं. ध्वनिमुद्रित केलेलं प्रत्येक वाक्य पाच जणांनी ऐकायचं आणि त्यात कुठली भावना आहे हे सांगायचं. तिघांचं जुळलं की ते सत्य. इतक्या स्वस्तात सत्य ठरताना मी फक्त आमच्या परीक्षा मंडळात पाहिलं होतं.

वाक्यं मोठ्या शहरात बसलेल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी निवडून पाठवली होती. ज्यात स्वतःची अशी भावना नाही अशी साधी वाक्यं, म्हणजे ती रागानेही म्हणता येतील, दुःखानेही. 'दार लाव.' 'तो उद्या येणार आहे.' 'नळाला पाणी आलं.' हे शेवटचं वाक्य वाचून मी त्यांना म्हटलं की तुमचे मार्गदर्शक जालन्याला कधी आलेले दिसत नाहीत. ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा आला तरी लोक एकमेकांना हाका मारत सुटतात, तिथे हे वाक्य दुःखाने म्हणणारा माणूस सापडायचा नाही. सरांनी नेटाने प्रयत्न केला. गॅदरिंगच्या नाटकात काम करणारी मुलं आणून त्यांना ते वाक्य रडत म्हणायला लावलं. ऐकणाऱ्या आम्हा पाचही जणांनी त्यावर 'आनंद' लिहिलं. आनंदाचा रकानाच नव्हता, तो आम्ही समासात काढला.

प्रयोगशाळा म्हणजे वर्कशॉपमागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना होस्टेलच्या गाद्या टांगलेल्या. पंखा बंद, खिडक्या बंद आणि महिना ऑक्टोबर, म्हणजे दुसरा उन्हाळाच. शेजारी पिठाची गिरणी होती. दुःखाची सगळी वाक्यं नेमकी दुपारी, गिरणी चालू असताना घेतली गेली. पुढे कळलं की कॉम्प्युटर दुःख म्हणून जे ओळखत होता ती गिरणीची घरघर होती. गिरणी बंद ठेवून घेतलेलं रडणं त्याला रडणं वाटेना. सरांनी ती वाक्यं पुन्हा घेतली. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर होता. त्या चिकाटीतून काय निघणार याबद्दल नव्हता.

मुली मिळेनात. नाटकातल्या दोघी आल्या त्या राग म्हटलं की सिनेमातल्या खलनायिकेसारख्या बोलत. मग मी आमच्या घरमालकांच्या धाकट्या मुलीचं नाव सुचवलं.

आमचे घरमालक खाली राहत. तीर्थपुरीच्या बाजूचे शेतकरी, जमीन भावावर सोपवून शहरात आलेले, धान्याच्या मोंढ्याजवळ बी-बियाण्याचं आणि पाइपांचं दुकान. त्यांना मुली अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणे. दोनच मुली. थोरली भोकरदनकडे, पिंपळगाव रेणुकाईजवळच्या एका गावात दिलेली. धाकटी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करायला औरंगाबादला जायचं होतं. हे तिने मला जिन्यात दोनदा सांगितलं होतं आणि अण्णांना एकदाही सांगितलं नव्हतं.

ती आली आणि सरांना ती 'सामान्य' या रकान्यासाठी अगदी हवी तशी सापडली. नाटकी मुलांना भावनाशून्य बोल म्हटलं तर ती बातम्या वाचल्यासारखी बोलत. ही नुसतं बोलायची. दार लाव. तो उद्या येणार आहे. आवाजात चढ नाही, उतार नाही, थरथर नाही. राग करून दाखव म्हटलं तर तिला हसू आलं. तेव्हा तिचा राग वगळला आणि तिच्याकडून फक्त सामान्य वाक्यं घेतली, तीही ढिगाने. सर खूश झाले.

"सर, आपला काटा हिच्या आवाजावर शून्यावर लावलाय," ते मला म्हणाले. "हिच्यापेक्षा जेवढं वेगळं, तेवढी भावना."

मी मान हलवली. पण मी त्या घराच्या वर राहत होतो. खाली स्वयंपाकघरात ती आईशी बोलायची तो आवाज वेगळा होता. गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करायची, माझीही. मी जिना उतरताना खोकतो तसं खोकून ती आईला विचारायची, "काकू, आज पेपर आला का हो?" आणि दोघी खिदळायच्या. मग बाहेर अण्णांच्या चपला वाजल्या की तो आवाज थांबायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. प्रयोगशाळेत तिने दिला तो हा दुसरा. अण्णा रागीट होते म्हणून नव्हे. अण्णांना त्रास होऊ नये म्हणून तिने तो काढून ठेवला होता, पाहुण्यांची भांडी वेगळी ठेवतात तसा.

यंत्र तयार झाल्यावर उद्घाटन झालं. आमच्याकडे शाळेत नवा फळा आला तरी उद्घाटन होतं, हे तर यंत्र. मांडव, सनई, कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुंकवाचं बोट आणि त्याच्या डोक्यावर झेंडूचा हार. संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांनी भाषणात सांगितलं की आता या जिल्ह्यात खोटं बोलणाऱ्याची धडगत नाही. हे ऐकून व्यासपीठावरचे बरेच लोक अवघडून बसले. मग त्यांच्याच हस्ते पहिली चाचणी. त्यांनी माइक जवळ ओढला आणि गर्जना केली, "या संस्थेचं भवितव्य उज्ज्वल आहे!"

पडद्यावर उमटलं, 'भीती'.

मंडप हसला नाही. हसण्याची परवानगी कोण देणार याची वाट पाहत राहिला. सरांनी घाम पुसत पुन्हा बोलायची विनंती केली. पुन्हा 'भीती'. कारण साधं होतं. लाइट गेल्यामुळे जनरेटर लावला होता आणि त्याच्या घरघरीवर आवाज चढवताना साहेबांचा स्वर थरथरत होता. सरांनी ते मला नंतर सांगितलं. पण दोनच आठवड्यांनी बाजार समितीची निवडणूक लागली आणि तिच्यात अध्यक्ष पडले. मग गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. पानाच्या टपरीवर लोक म्हणू लागले, "मशीनला आधीच कळल्तं ना राव! साहेब आतून टरकलेले होते."

अण्णा त्या उद्घाटनाला मुलीचे वडील म्हणून पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी 'भीती' स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती आणि निकालही ऐकला होता. त्यांच्या लेखी प्रकरण सिद्ध झालं होतं.

उन्हाळा चढला तसं धाकटीला अंबडकडचं एक स्थळ आलं. बागायती जमीन, ठिबक, मुलगा शिकलेला, माणसं तालेवार. त्यांनी एकच गोष्ट आधी स्पष्ट केली, की मुलीचं शिक्षण झालं तेवढं पुरे. बोलणी होत आली. पाहुण्यांसमोर अण्णांनी मुलीला विचारलं, पसंत आहे का, ती म्हणाली, पसंत आहे. चहा झाला, सुपाऱ्या फुटायच्या बाकी राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा जिना चढून माझ्याकडे आले आणि खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर टेकले.

"सर, तुमच्या त्या सरांला विचारता का एकदा? त्याच्या मशीनवर आमच्या पोरीचा होकार बघाचाय."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मी म्हटलं, "होकार तर तिने कालच दिला ना?"

"दिला. पण तो मनापासून हाय का, ते बघाचंय."

"ते तुम्हाला कळत नाही? तुमची मुलगी आहे."

मग अण्णांनी थोरलीचं सांगितलं. थोरलीलाही त्यांनी असंच विचारलं होतं. तीही हो म्हणाली होती. नवरा वाईट नव्हता. पण त्या घरात सून त्याच्या आईला हवी होती, त्याला बायको नको होती. चार वर्षांत तो तिच्याशी कामापलीकडे बोलला नव्हता. एकदा तिच्या घरी गेले असताना अण्णा तिला म्हणाले, "तुला विचारूनच दिलं व्हतं ना गं?" त्यावर ती म्हणाली, "विचारलं व्हतं. मी काय म्हणले ते ऐकलं तुम्ही. कसं म्हणले, ते ऐकू आलं न्हाई का?"

"तवापासून बोलत न्हाई माझ्याशी," अण्णा म्हणाले. "गेलो तर चहा देती अन् आत जाती. सर, माझ्या कानाचा भरवसा न्हाई राह्यला आता. एकदा दगा दिला त्यानं. ह्या पोरीच्या बाबतीत मला बराबर पाहिजे. मशीन म्हणलं हिच्या पोटात दुःख हाय, तर आजच्या आज पाहुण्यांला नकार कळवतो. बिलकुल मागंपुढं पाहणार न्हाई."

ते खरं बोलत होते. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो. म्हणून मीही सरळ बोललो.

"अण्णा, मशीन कशाला? मी सांगतो. तिला औरंगाबादला शिकायला जायचंय. मला म्हणाली होती."

"मला पण वाटल्तं तसं. म्हणून मी विचारलं. म्हणली, न्हाई जायचं आता."

"तुम्हाला म्हणाली असेल."

"तेच तर!" अण्णा म्हणाले. "मला एक म्हणती, तुम्हाला एक म्हणती. मंग खरं कोणतं? म्हणूनच मशीन."

रविवारी आम्ही चौघं त्या गाद्यांच्या खोलीत होतो. सरांना मी आधी सगळं सांगितलं होतं. ते नको म्हणतील असं मला वाटत होतं. पण आपल्या यंत्राकडे माणूस खरोखरीची गरज घेऊन आला आहे, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मार्गदर्शकांनीसुद्धा त्याला कधी इतकं गंभीरपणे घेतलं नव्हतं. अण्णा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले होते. हातात नारळ होता.

"हा वाढवायचा, का नुसता पुढं ठेवायचा?" त्यांनी सरांना विचारलं.

"नुसता ठेवा," सर घाईने म्हणाले. "पाणी उडालं तर कीबोर्ड जाईल."

आधी अण्णांनी स्वतःची परीक्षा दिली. सरांनी त्यांना 'दार लाव' म्हणायला सांगितलं. अण्णांनी शेतातल्या गड्याला सांगावं तसं म्हटलं. पडद्यावर 'राग' उमटलं.

"राग कुठला? माझा आवाजच असा हाय."

"बघा अण्णा," मी संधी साधली. "चुकतं ते."

अण्णा विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "न्हाई सर, चुकलं न्हाई. थोरलीच्या सासरवर हाय माझा राग. चार वर्षांपासून हाय. बघा, दार लाव म्हणलं तरी खोलातून काढलं त्यानं!"

मग धाकटी उठली. तिला काही सांगावं लागलं नाही. खुर्ची तिने स्वतःच पुढे ओढली, माइक तोंडापासून हव्या त्या अंतरावर धरला आणि सरांकडे बघून विचारलं, "फॅन बंद करायचा ना सर?" सरांनी उठून पंखा बंद केला. अण्णा तिच्यासमोर बसले आणि पाहुण्यांसमोर विचारलं होतं त्याहून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, मनापासून सांग. हे स्थळ तुला पसंत हाय का?"

"पसंत आहे."

पडद्यावर प्रत्येक रकान्याची एक पट्टी होती, त्यातली हिरवी वर चढली आणि थांबली. 'सामान्य'. बाकीच्या तीन पट्ट्या तळाशी पडून होत्या. राग नाही, दुःख नाही, भीती नाही. अण्णांनी डोळे मिटले.

मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं आहे.

"सर, तुम्ही सांगता की मी सांगू?" मी विचारलं.

"तत्त्वतः..." ते म्हणाले, "तत्त्वतः या निकालाला काही मर्यादा आहेत."

मी सांगितलं. अण्णांना कळेल असं सांगितलं, कारण वीस वर्षं दुकानात काटा हाताळणाऱ्या माणसाला ते कळणारच होतं. "अण्णा, हे यंत्र सामान्य आवाज म्हणजे काय, हे कोणाकडून शिकलं? हिच्याकडून. याच खोलीत, याच माइकवर. तुमच्या दुकानात पारडं रिकामं ठेवून मग काटा शून्यावर लावता ना? इथे हिलाच पारड्यात बसवून काटा शून्यावर लावलाय. आता हिच्या पोटात काहीही असलं तरी तो शून्यच दाखवणार. आणि हा हिचा खरा आवाज नव्हेच. स्वयंपाकघरात ही कशी बोलते ते मी वरून रोज ऐकतो. तुमच्यासमोर बोलते तो हा आवाज."

खोलीत गाद्यांमुळे एरवीही आवाज मरायचा. माझं बोलणं संपलं तेव्हा कोणी काही बोललेलंच नसावं असं वाटलं. अण्णांनी सगळं नीट ऐकलं होतं. त्यांनी सरांना विचारलं, "म्हणजे हे मशीन माझ्या पोरीच्याच आवाजावर शिकलंय?"

"बरंचसं. हो."

"मंग तर सगळ्यांपेक्षा बराबर तिलाच वळखल की!" अण्णा म्हणाले. "ज्याला दिवसभर हिचाच आवाज ऐकवला, त्याला हिचं मन कळणार न्हाई तर कुणाचं कळंल?"

यावर उत्तर असतं. ते मी दिलंही, निरनिराळ्या शब्दांत, सरांनीही इंग्रजीतून थोडी भर घातली. पण अण्णांचं बोलणं ऐकायला इतकं रास्त होतं की आमचं बोलणं आम्हालाच शिकलेल्या माणसांची टाळाटाळ वाटू लागली. शेवटी मी मुलीलाच म्हटलं, "तू पदार्थविज्ञान शिकतेस. सांग ना तुझ्या वडिलांना, काटा चुकीचा लावलाय म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळ्यात आधी कळलं होतं. घरून निघतानाच कळलं असावं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "मशीन बराबर सांगतंय."

"आणि एम.एस्सी.?"

"शिकाचं का गं तुला?" अण्णांनी लगेच विचारलं. अगदी मनापासून.

"नाही."

माइक चालूच राहिला होता. हिरवी पट्टी पुन्हा वर चढली. अण्णांनी ती बघितली, सरांना हात जोडले आणि नारळ तिथेच ठेवून मुलीला घेऊन निघाले.

त्या आठवड्यात ती मला जिन्यात भेटली. मी तिला म्हटलं, "अजून वेळ गेलेली नाही. नुसतं नाही म्हण. ते मोडतील स्थळ, त्यांनी तसं सांगितलंय मला."

"मोडतील ना," ती म्हणाली. "मला माहितीय. अन् मंग रोज सकाळी ह्या पोरीचंपण आपण चुकवत होतो म्हणत बसतील. ताईनंतर त्यांची झोप गेलीय, सर. माय सांगती, झोपेतपण 'ऐकू आलं न्हाई, ऐकू आलं न्हाई' म्हणतात."

"म्हणून तू लग्न करणार?"

"लग्न तर कधीतरी करावंच लागणार होतं. हे घर वाईट न्हाई." तिने दोन पायऱ्या उतरून वर पाहिलं. "त्यांना नुसता हो नको होता. खरा हो पाहिजे होता. खोटा तर ताईनंपण दिल्ता."

एवढं बोलून ती खाली गेली. खाली जाऊन अण्णांना हे सांगावं असं मनात आलं आणि मी गेलोही. अण्णा पत्रिकेचा मजकूर घेऊन बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, ती तुमच्यासाठी हो म्हणतेय." ते म्हणाले, "कोणती पोरगी बापासाठी म्हणत न्हाई सर? पण दुःखानं म्हणत न्हाई ना. ते आपण बघितलं." आणि मजकुरातलं शुद्धलेखन तपासायला पत्रिका माझ्यापुढे सरकवली. मी ते तपासलं. चुका बऱ्याच होत्या.

लग्न मे महिन्यात मोंढ्यामागच्या मंगल कार्यालयात झालं. थोरली आली होती. तिने सगळ्या वेळात अण्णांना फक्त अक्षतांचं ताट कुठे ठेवायचं एवढं विचारलं. सर आहेर घेऊन आले आणि जेवताना माझ्या शेजारी बसून म्हणाले की हा मुद्दा ते प्रबंधात मर्यादांच्या प्रकरणात घालणार आहेत. त्यांनी तो घातलाही. 'एकाच वक्त्यावर अवलंबित्व' असं त्याला नाव होतं. प्रबंध मंजूर झाला, शाल-श्रीफळ झालं, बाजार समितीपाठोपाठ संस्थाही गमावलेल्या अध्यक्षांच्या जागी आलेल्या नव्या अध्यक्षांनी भाषण केलं. त्यांना मात्र कोणी माइकवर चाचणी द्यायला सांगितलं नाही. सर पुढे पुण्याला मोठ्या पगारावर गेले. यंत्र टेलिफोन कंपनीने घेतलं नाही. खोलीतल्या गाद्या होस्टेलला परत गेल्या.

धाकटीच्या सासरी फोन होता. अण्णा दर रविवारी दुकान बंद असे तेव्हा सकाळी तिला लावायचे. फोन ओट्यावरच्या खिडकीत होता, त्यामुळे वर मला त्यांची बाजू ऐकू यायची. पहिले काही महिने ते विचारायचे, "बरं हाय ना?" आणि पलीकडचं ऐकून वर बघत मला सांगायचे, "बरं हाय म्हणती, सर." मी मान हलवायचो. पुढे ते मला सांगेनासे झाले. पलीकडचं ऐकून झालं तरी रिसीव्हर कानाला धरून बसायचे, जणू अजून काही यायचं आहे.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला वाटेत गाठून विचारलं, "सर, ते मशीन फोनवरच्या आवाजावर चालतं का?"

मी सरांना पुण्याला फोन करून विचारलं. ते म्हणाले, फोनमध्ये आवाजाचा बराच भाग कापला जातो, त्यावर निकाल काढता येणार नाही. शिवाय यंत्र आता कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी अण्णांना तसं सांगितलं. मला वाटलं होतं ते निराश होतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली.

"फोनवर न्हाई चालत म्हणजे न्हाईच चालत," ते म्हणाले. "त्याला कोण काय करंल?"

त्यानंतरच्या रविवारपासून त्यांनी विचारणं बंद केलं. फोन ते अजूनही लावायचे, चुकवायचे नाहीत. पण लागल्याबरोबर स्वतःच सुरू व्हायचे. कापसाला यंदा काय भाव निघाला, तीर्थपुरीच्या बाजारात किती गर्दी होती, भावाने नवी विहीर कुठे धरली, गल्लीत कोणाचं काय चाललंय, मायचे गुडघे, दुकानासमोरचा खड्डा. श्वास घ्यायला थांबावं लागलं की "अन् बरं का" म्हणायचे आणि पुढे चालू. मी इतक्या वर्षांत त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ती बिचारी मधे काही म्हणत असली तर मला ते वर कळणं शक्य नव्हतं, आणि अण्णा तिला तेवढी जागा ठेवत नव्हते. मग "चल, बिल वाढून राह्यलं, ठेवतो" म्हणायचे आणि तिकडून काही यायच्या आत फोन ठेवून द्यायचे.